नाथांच्या घरातला वाद

भाविक वाचकहो, फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की आम्हां कीर्तनकार मंडळींस गावोगावची निमंत्रणे येऊ लागतात. नाथषष्ठी असल्यामुळे चरित्र नाथांचेच लावावे, असा सर्वांचा आग्रह असतो. श्रीखंड्याची कावड झाली, श्राद्धाच्या स्वयंपाकाची कथा झाली, म्हणजे श्रोते तृप्त होऊन घरी जातात. हरिपंडितांची कथाही आम्ही गेली ३५ वर्षे सांगत आलो. पत्रावळीखालून पत्रावळ निघू लागली की आम्ही टाळकऱ्यांना खूण करावी, विठ्ठलनामाचा गजर व्हावा आणि कथा तिथेच संपावी, असा आमचा परिपाठ. त्या गजरात एक गोष्ट आमच्याच ध्यानातून निसटत होती. चमत्कार व्हायच्या अगोदर नाथांनी बरेच काही केले होते, आणि ते तुम्हां आम्हां प्रपंची माणसांना करता येण्याजोगे आहे. चमत्कार काही आपल्या हातचा नव्हे. म्हणून या अंकी आम्ही त्या अगोदरच्या गोष्टी सांगायला बसलो आहोत.

नाथांचा जन्म सुमारे शके १४५५ चा, म्हणजे इ.स. १५३३ च्या आसपासचा. गाव पैठण, दक्षिणकाशी. पणजोबा भानुदासमहाराज. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरीस परत आणली, अशी आपल्या संप्रदायाची श्रद्धा आहे. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी ही दोघेही नाथांच्या बालपणीच निवर्तली. आजोबा चक्रपाणि आणि आजी यांनी नातवाला वाढवले. ज्यांच्या पितृधर्माची कथा आपण सांगणार, त्यांना स्वतःला बापाचे बोट धरून चालायला मिळाले नव्हते. बापाची माया आणि बापाची शिस्त त्यांना मिळाली ती देवगिरीच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींपाशी.

तिथली एक कथा सर्वांस ठाऊक आहे. स्वामींनी हिशेबाचे काम सांगितले होते. एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली, आणि स्वामींनी ती ऐकली. एका पैसाठी जे चित्त एवढे एकाग्र होते, ते देवाकडे लागले तर काय होईल, असे स्वामींनी सुचवले. आम्ही आजवर यातून एकाग्रतेचाच बोध सांगत आलो. तो खराच आहे. पण आणखी एक पाहा. नाथ ती चूक कोठे शोधत होते? आपल्याच वहीत! दुसऱ्याच्या हिशेबात नव्हे. ही सवय त्यांच्या अंगी तेव्हापासूनची. पुढे संसारात तीच कामाला आली.

गुरूंच्या आज्ञेने नाथ गृहस्थाश्रमी झाले. पत्नी गिरिजाबाई. नाथांच्या शांतीचे पोवाडे आपण गातो, परंतु त्या शांतीतला अर्धा वाटा या माउलीचा. नाथांना राग आणून दाखवील त्याला २०० रुपये देऊ, असे पैठणच्या काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाला सांगितले. त्याला मुलाची मुंज करायची होती. तो बिचारा पादत्राणांसह घरात शिरला आणि सरळ नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. एवढ्या प्रेमाने भेटायला आजवर कोणी आले नव्हते, म्हणून नाथ हसले आणि त्याला जेवायला ठेवून घेतले. पंगतीत गिरिजाबाई वाढायला वाकल्या तेव्हा तो त्यांच्या पाठीवर चढला. पाहुणा पडेल, सांभाळ, असे नाथांनी सांगितले. बाईंनी उत्तर दिले की चिंता नको, हरीला पाठीवर घेऊन कामे करायची आपल्याला सवय आहे. तो ब्राह्मण शरमला, त्याने खरी हकिगत सांगितली. नाथांना वाईट वाटले ते एवढेच, की आधी सांगितले असते तर आपण रागावून दाखवले असते आणि याचे काम झाले असते.

आता या कथेतला हरी म्हणजे कोण? तोच आईच्या पाठीवरचा मुलगा. नाथांना दोन मुली आणि हा एक मुलगा. मुलीच्या पोटी पुढे कवी मुक्तेश्वर झाले. आणि हा हरी मोठा होऊन हरिपंडित झाला.

मुलगा बुद्धीने तीक्ष्ण. शास्त्रे शिकला, पंडितांच्या सभेत मान मिळवू लागला. इकडे वडिलांचा व्यवहार कसा? घरी रोज कीर्तन, पुराण, आणि तेही प्राकृतात, म्हणजे तुमच्या आमच्या मराठीत. ऐकायला सगळ्या जातींचे लोक. श्राद्धासाठी केलेला स्वयंपाक नाथांनी भुकेल्या अंत्यजांना वाढला आणि पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतला, हेही गावाला ठाऊक. प्रेमाने कोणी बोलावले तर ते त्याच्या घरी जेवायलाही जात. मुलाला हे सहन होईना. पुराण सांगायचे तर संस्कृतातच सांगावे आणि परान्न घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. वाद वाढला. शेवटी हरिपंडित पैठण सोडून काशीस जाऊन राहिले.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. कीर्तनात आम्ही हरिपंडितांना गर्विष्ठ ठरवून मोकळे होतो. श्रोतेही हसतात. पण दोन माणसांचा वाद समजून घ्यायचा तर ज्याची बाजू आपल्याला पटत नाही, त्याच्या ओसरीवर क्षणभर जाऊन बसावे लागते. मुलगा काही दुर्वर्तनी नव्हता. जे शिकला ते त्याने मनापासून धरले होते. ज्या पंडितांत तो उठबस करी, त्यांच्या तोंडून वडिलांची निंदा ऐकताना त्याचे काय होत असेल? वर दिसत होता तो भाषेचा वाद. आमच्या मते आत लाज होती, आणि लाजेच्या आत वडिलांविषयीची ओढच होती. ज्याच्याशी आपले काही नाते नाही, त्याची कोणाला लाज वाटते हो?

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. आम्ही स्वतः असेच एक हरिपंडित होतो. पांडित्य मात्र त्यांच्या नखाएवढेही नव्हते. आठ वर्षे पाठशाळेत राहून लघुकौमुदी आणि तर्कसंग्रह पाठ करून आम्ही विसाव्या वर्षी घरी आलो. वडील कीर्तन करीत. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे, पण हजारभर अभंग मुखोद्गत. एका सप्ताहात त्यांनी गीतेतला श्लोक म्हटला, त्यात विसर्ग चुकला. आम्ही मागे टाळ घेऊन उभे होतो. आम्ही तिथल्या तिथे, भर मंडपात, मोठ्याने तो दुरुस्त केला. मृदंग थांबला. वडील वळले. आमच्याकडे पाहिले. मग त्यांनी श्रोत्यांना सांगितले की मुलगा शिकून आला आहे आणि तो म्हणतो तेच शुद्ध आहे, आणि आमच्याकडून तो श्लोक सगळ्या मंडपाला म्हणवून घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते घोंगडीवर येऊन बसले आणि विसर्ग कसा म्हणायचा ते शिकवायला सांगू लागले. आम्ही शिकवले. त्या दिवशी आम्हांला वाटले की आपण जिंकलो. आज आम्ही साठी ओलांडली आहे, आणि वडील जाऊनही पुष्कळ वर्षे झाली. त्या पहाटे घोंगडीवर कोण कोणाला शिकवत होते, हे आता कळते. सांगायला मात्र ते नाहीत.

असो. कथेकडे वळू.

मुलगा काशीस गेला. नाथांजवळ उत्तरे नव्हती काय? भरपूर होती. नाथ स्वतः संस्कृताचे जाणते. भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहायची, ती मूळ ग्रंथ हाडीमांसी मुरल्याखेरीज होते काय? त्या टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणला झाले. ते वाचून काशीचे पंडित क्षुब्ध झाले होते, आणि पुढचे अध्याय तर नाथांनी त्याच काशीत बसून लिहिले. शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ साली, ३१ अध्यायांचा, १८ हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ वाराणसीत पूर्ण झाला. विरोधाचा शेवट सन्मानात झाला, असे परंपरा सांगते. पुढे शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एवढा अधिकार पदरी असलेला बाप मुलाला चार प्रमाणे देऊन गप्प करू शकला असता. काशीने आपला ग्रंथ मानला आहे, एवढी आठवण दिली असती तरी पुरे होते.

नाथांनी तसे केले नाही. ही कथा महीपतिबुवांनी भक्तलीलामृतात विस्ताराने सांगितली आहे. नाथ उठले आणि मुलाला आणायला स्वतः काशीस गेले. पैठण ते काशी म्हणजे त्या काळी महिनोन् महिने लागणारी पायवाट. चुकला असेल तर येईल आपल्या पायांनी, असे ते म्हणाले नाहीत. गेले, आणि परत चलण्याविषयी मुलाची मनधरणी केली. मुलाने दोन अटी घातल्या. प्राकृत पुराण बंद करायचे आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. मंडळी पैठणास आली. पोथीपुढे आता हरिपंडित बसू लागले आणि नाथ श्रोत्यांत.

काही जाणती माणसे येथे शंका काढतात. मुलाच्या हट्टापायी नाथांनी लोकांचे मराठी पुराण बंद केले, हे कसे? गोरगरिबांचे त्यात नुकसान नव्हे काय? शंका खरी आहे. नुकसान झालेच. संस्कृत पुराणाला येणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत गेली. आम्हांस याचे उत्तर असे दिसते की नाथांनी पोथी मिटली ती काही काळापुरती. आपले मत त्यांनी बदलले नाही, आणि मुलाचे बरोबर आहे असे खोटेही म्हटले नाही. हट्टाने पुराण चालू ठेवले असते तर तळमजल्यावर प्रेमाचे निरूपण आणि माडीवर रिकामी खोली, असे ते घर झाले असते. त्यांना मुलासकट पुराण हवे होते. त्यासाठी त्यांनी वाट पाहिली.

आणि वाट कशी पाहिली, हे महत्त्वाचे आहे बरं का. श्रोते कमी झाले ते नाथांनी पाहिले, मुलानेही पाहिले. नाथांनी ते बोलून दाखवले नाही. मौन वेगळे आणि अबोला वेगळा. अबोला म्हणजे तोंड बंद ठेवून केलेले भांडण. त्यात माणूस ताटावर बसतो पण मान वर करीत नाही, निरोप तिसऱ्याकरवी धाडतो, आणि समोरच्याला आपली चूक कधी कळते याची मनात घटका मोजत राहतो. नाथांचे मौन तसले नव्हते. ते मुलाच्या पुराणाला श्रोता म्हणून बसत. रिकाम्या जागा मोजायला ते बसत नव्हते.

पुढे एक विधवा बाई आली. पतीच्या हयातीत तिने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. मग पती गेला, द्रव्य गेले, संकल्प तेवढा राहिला. एका जाणत्याने तिला सांगितले की एकट्या नाथांना जेवू घाल, संकल्प पुरा होईल. तिने येऊन नाथांना आमंत्रण दिले. नाथांचे मन तर तत्क्षणी उठून जाणारे. पण मुलाला शब्द दिलेला. त्यांनी बाईला मुलाकडे पाठवले.

वाचकहो, या जागी आम्ही कीर्तनात कधी थांबत नव्हतो. आता थांबतो. गावाने ज्यांच्या पायांवर डोके ठेवावे, तो बाप एका गरीब बाईला सांगतो की माझ्या मुलाला विचारा. यात टोमणा नाही, लटके दैन्य नाही. दिलेला शब्द अडचणीत आला असताही तो पाळला, एवढेच. आणि त्यामुळे काय झाले पाहा. आजवर हरिपंडितांपुढे परान्न हा एक विषय होता, त्यावर वचने होती, निर्णय होते. आता दारात एक बाई उभी राहिली. तिचा फाटका संसार उभा राहिला. वचनाशी भांडता येते. दारातल्या माणसाशी भांडणे तितके सोपे नाही. पंडितांचे मन थोडे द्रवले. त्यांनी परवानगी दिली, परंतु स्वयंपाक आपण स्वतः त्या बाईच्या घरी करू, असे ठरवले.

स्वयंपाक झाला. नाथ जेवले. जेवण आटोपल्यावर नाथांनी मुलाला आपली पत्रावळ उचलायला सांगितले. हरिपंडितांनी ती उचलली, तो खाली दुसरी. ती उचलली, तो तिसरी. असे करता करता सहस्र पत्रावळी निघाल्या, बाईचा संकल्प पुरा झाला, आणि मुलाचा अभिमान गळाला. त्यांनी वडिलांचे पाय धरले आणि दोन्ही अटी मागे घेतल्या. नाथांचे प्राकृत पुराण पुन्हा सुरू झाले.

सहस्र पत्रावळींवर आमची श्रद्धा आहे. पण चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तरी उरते ते काय थोडे आहे? परान्न नको म्हणणारा मुलगा परक्या घरच्या चुलीपुढे धूर खात बसला. ज्याला वडिलांच्या वागण्याची लाज वाटत होती, तो वडिलांची उष्टी पत्रावळ उचलायला वाकला. कंबर एकदा वाकली की डोळे जमिनीजवळ जातात, आणि उंचावरून न दिसलेले पुष्कळ दिसू लागते. नाथांनी मुलाला समजावण्यात वेळ घालवला नाही. त्याच्या हाताला काम दिले.

आता या कथेचा एक दुरुपयोग होतो, त्याविषयी बोलणे आमचे कर्तव्य आहे. घरात भांडण झाले की शांतीचा उपदेश नेमका ज्याचे काही चालत नाही त्याला केला जातो. सुनेला सांगतात, नाथांसारखे सोस. मार खाणाऱ्या बाईलाही सांगतात, गिरिजाबाईंसारखी हो. हे नाथचरित्र नव्हे! नाथचरित्रात वाकला तो बाप. ज्याच्याकडे वय होते, कीर्ती होती, घर होते, ग्रंथ होते, तो वाकला. ज्याचा अधिकार मोठा त्याने आधी पाऊल उचलावे, असा या कथेचा कायदा आहे. आणि नाथ वाकले तेही आपल्या मानापुरते. भुकेल्यांच्या ताटाचा प्रश्न आला तेव्हा सारा ब्रह्मवृंद रुष्ट झाला तरी ते हटले नाहीत. आपला मान सोडणे आपल्या हाती आहे. दुसऱ्याचा घास सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मारहाण, उपासमार, अपमान चालू असेल तेथे सोशीत बसणे ही शांती नव्हे. तेथे चार माणसांना बोलावून ते थांबवावे, आणि बाईने प्रथम सुरक्षित ठिकाणी जावे.

बाकीच्या रोजच्या वादांत, म्हणजे वाटणी, सोयरीक, मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, यांत नाथांचा क्रम धरून पाहावा. आधी आपल्या वहीतली पै शोधावी. मग समोरच्याच्या रागाखाली काय दडले आहे ते पाहावे. मोठ्याने उठून जावे. शब्द द्यावा तो पाळण्यासाठी द्यावा. आणि समोरचा वळला, की आपण जिंकलो हे चारचौघांत सांगू नये. समेट झाल्यावर मागचे उकरून काढण्याने जितकी घरे पुन्हा मोडली, तितकी मूळ भांडणाने मोडली नसतील.

आमचीही एक पै राहिली होती. आमचा मुलगाही कीर्तन करतो. त्याची रीत आम्हांला पसंत नाही. श्रोत्यांना हसवण्यात त्याचा फार वेळ जातो, आणि ते हसणे मोबाईलवर गावोगाव फिरते. एकदा आम्ही चार लोकांत त्याला बोललो. तो शहरात राहायला गेला. चार वर्षे बापलेकांत अबोला होता. निरोप त्याच्या आईच्या फोनवरून. त्या चार वर्षांत आम्ही हरिपंडितांची कथा किती गावांत सांगितली असेल, ते पांडुरंगास ठाऊक! गेल्या वर्षी षष्ठीच्या आधी आम्ही एस.टी.ने त्याच्या दारी गेलो. सुनेने चहा केला. त्याने एकच अट घातली, की लोकांसमोर आपली चूक काढायची नाही. ती ऐकताना आम्हांला तो मंडप आठवला, तो विसर्ग आठवला. आम्ही अट मान्य केली. आमच्यासाठी पत्रावळी निघाल्या नाहीत. तो अजून त्याच्याच रीतीने सांगतो, आणि आम्हांला ती अजून पटत नाही. पण जमेल तेव्हा आम्ही मागच्या रांगेत जाऊन बसतो. परवा कीर्तन संपल्यावर तो मागे आला आणि एका ओवीचा अर्थ विचारू लागला. चार लोकांत नव्हे, एकट्यातच. आम्हीही एकट्यातच सांगितला.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. भावार्थरामायण अपुरे राहिले होते. ते गावबा नावाच्या शिष्याने पुरे केले, असे परंपरा सांगते. आणि नाथांमागे त्यांच्या पादुका घेऊन दर आषाढीला पंढरीची वाट कोण चालू लागले? हरिपंडित! वडिलांच्या प्राकृताची लाज वाटून जो काशीला निघून गेला होता, तोच त्यांच्या पादुका घेऊन प्राकृत बोलणाऱ्या वारकऱ्यांत मिसळला. पैठणची नाथांची पालखी आजही त्याच वाटेने जाते. मुलाला आणायला बाप काशीची वाट चालला, म्हणून मुलगा पुढे बापाची पंढरीची वाट चालला. यंदा आषाढीस ती पालखी दिसली की भाविकांनी हात जोडावेत, आणि ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे त्याचे नाव मनात आणावे. त्याच्या घरची वाट काशीएवढी लांब खचित नसेल.

रामकृष्णहरि.